मामाचा गाव, बॅच दुसरी

पूर्वी भाचरं मे महिन्यात मामाकडे यायची ती खायला. आंबे, फणसाचे गरे, पापडाच्या लाट्या, अधूनमधून मामीची बोलणी. हे सगळं पचवून, अंगानं थोडी भरून आणि रंगानं बरीच रापून ती जूनमध्ये परत गेली की मामाचं वर्षाचं कर्तव्य संपायचं. "पोरं काय शिकली?" असं त्या काळी मामाला कुणी विचारत नसे. मामाकडून शिकण्यासारखं काही नसतं, याबद्दल दोन्ही घरांत एकमत असे.

माझी धाकटी बहीण नागपूरला असते. तिची दोन मुलं, थोरला चौदाचा आणि धाकटी नऊची. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे निघाला की हिचा फोन पुण्याकडे निघतो.

"दादा, पोरांना पाठवते रे. इथं दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. आणि पुण्यात काय, चांगले क्लास असतात."

पहिल्या दोन वाक्यांना नाही म्हणता येत नाही आणि तिसरं वाक्य हे खरं कारण असतं. मुलं महाराष्ट्र एक्स्प्रेसनं यायची ती येतात, पण त्यांचा तक्ता आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर उतरलेला असतो. तक्ता रंगीत. गुलाबी म्हणजे कथक, हिरवं म्हणजे गाणं, निळा म्हणजे तबला, भगवं म्हणजे बॉलिवूड डान्स. सकाळी सात ते रात्री आठपर्यंत एकही चौकोन पांढरा नाही. खालच्या बाजूला आडवा, लांबलचक असा एक राखाडी पट्टा आणि त्यात लिहिलेलं, 'मामा : ने-आण'.

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. दुपारी झोपता यावं ही एकच त्यामागची स्वेच्छा. ती त्या राखाडी पट्ट्याखाली गाडली गेली. मी हे बायकोला म्हणालो.

"तुम्हाला निदान रंग तरी मिळाला," ती म्हणाली. "चार वेळचे डबे कोण करणार, त्याला रकानाच नाही."

पुण्यात क्लास शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. एप्रिलमध्ये सकाळी वर्तमानपत्र उघडलं की आधी मांडीवर जाहिरातींची पत्रकं सांडतात आणि मग शोधलं तर बातम्या सापडतात. पंधरा दिवसांत गिटार. दहा दिवसांत कथक, प्रमाणपत्रासह. आठ दिवसांत हार्मोनियम, 'वयाची अट नाही'. (ऐकणाऱ्यांच्या सहनशक्तीची असावी, पण ती कुणी छापत नाही.) अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मला ठाऊक आहेत. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मग मध्यमा प्रथम आणि पूर्ण, त्यानंतर कुठे विशारदची पायरी लागते, आणि तीही दोन भागांत. एवढ्या पायऱ्या चढताना मुलांना मिशा फुटतात. आमच्या चौकातल्या विजेच्या खांबावर मात्र जमिनीपासून थेट गच्चीत नेणारी लिफ्ट चिकटवलेली असते. तसं पाहिलं तर पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं तेही 5 मे 1901 रोजी, म्हणजे ऐन मे महिन्यातच. पण त्यांच्या डोक्यात जूनमध्ये ते बंद करायचं नव्हतं, एवढाच फरक.

कथकपासून सुरुवात झाली. प्रवेशाच्या दिवशी कथकच्या ताईंनी भाचीला उभं केलं आणि नीट पाहिलं.

"आधी कुठं शिकलीयेस?"

"भरतनाट्यम. मागच्या उन्हाळ्यात."

"तरीच गुडघे बाहेर पडतायत. इथं सरळ उभं राहायचं असतं. आधी ते सगळं विसरावं लागेल."

"विसरली," भाची म्हणाली.

इतक्या झटपट प्रगतीनं ताईही गांगरल्या. त्यांनी मला घुंगरांची चिठ्ठी दिली. नव्या मुलांना सुरुवातीला एका पायाला पंचवीस-पन्नास पुरतात, शंभरी पुढे पाय तयार झाल्यावर. मी दुकानातून नागपूरला फोन लावला, कारण पैसे तिकडून यायचे होते.

"शंभरचेच घे," बहीण म्हणाली. "वाढतं पाऊल आहे. दरवर्षी कोण नवीन घेणार?"

शाळेचे बूट, गणवेश आणि घुंगरू हे तिच्या हिशेबात एकाच खात्यावर पडतात. एका पायाला शंभर, दोन्ही मिळून दोनशे. नऊ वर्षांच्या पोरीच्या पायात ते घोट्यापासून निघून पोटरीवर संपेनात. दुकानदार म्हणाला, "काका, हिला नाचवायचंय का जागेवर बांधून ठेवायचंय?"

घरी सराव सुरू झाला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खाली पहिल्या मजल्यावर अप्पा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कान पूर्ण शाबूत. तिसऱ्या दिवशी दारात उभे राहिले.

"1967 साली कोयनेचा भूकंप झाला," त्यांनी कुठल्याही प्रस्तावनेशिवाय सांगितलं. "तेव्हा मी याच गावात होतो. तेव्हासुद्धा माझ्या फडताळातली बशी हलली नव्हती."

"अप्पा, मुलगी कथक शिकतेय. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"भूकंप काही सेकंदांत आटपला होता," अप्पा म्हणाले आणि गेले.

तत्कारात निदान पाय एका जागी असतात. चकरी सुरू झाल्यावर खरा प्रसंग आला. चकरी घेताना नजर एका ठिकाणी रोखायची असते, म्हणजे घेरी येत नाही. भाचीनं नजर रोखायला टीव्हीवरची गणपतीची मूर्ती निवडली आणि तिसऱ्या चकरीला ती मूर्तीवरच पोहोचली. गणपतीचा कान गेला. बायकोनं तो फेव्हिक्विकनं चिकटवला. आता बाप्पा थोडे सावध होऊन ऐकतायत असं वाटतं.

गाण्याच्या बाई शेजारच्या इमारतीत. त्या उन्हाळी वर्गाला भूप शिकवतात. हे शहाणपणाचं आहे, कारण भूपात पाचच स्वर. मध्यम आणि निषाद घ्यायचेच नसतात, म्हणजे चुकायच्या जागा मुळातच दोननं कमी. पण भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आणि आमची बॅच दुपारी तीनची. बाहेर डांबर वितळतंय, आत वीस मुलं मांडी घालून रात्र करतायत. मी खिडकीबाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचो. एका पट्टीत म्हणायला सांगितलेलं असे, पण प्रत्येक मूल आपापल्या घरून पट्टी घेऊन आलेलं. एक मुलगा नेमानं मध्यम लावायचा.

"बाळा, भूपात मध्यम नाही."

"सॉरी बाई." आणि पुढच्या फेरीला मध्यम, शिवाय निषाद.

"आता तू पार बिलावलात गेलास," बाई शांतपणे म्हणाल्या. "सावकाश ये परत. आम्ही थांबतो."

मला त्या बाईंविषयी फार आदर आहे. पहिल्याच आठवड्यात एका आईनं त्यांना पायरीवर गाठलं. 2008-09 साली झी मराठीवर लिटिल चॅम्प्स पाहिल्यापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांच्या डोळ्यांसमोर तो मंच अजून लखलखतो आहे. त्यातल्या काहींची मुलं तेव्हा जन्मालाही आली नव्हती, पण मंच तयार आहे.

"बाई, हिला टीव्हीवरच्या शोला कधी पाठवता येईल?"

"आधी सा लागू दे."

"सा लागायला साधारण किती दिवस धरायचे?"

"काय सांगू? माझा अजून लागतोय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. ती आई मला म्हणाली, "बघा, बाईंचाच लागत नाही. आम्ही उगाच इथं घातलं."

घरी सरावाला पेटी लागते म्हणून पेटी आली. जुनी, ओळखीतून. पुण्यात घरात पेटी आली की येणारा-जाणारा प्रत्येक जण पु.लं.ची आठवण काढून एकदा भाता हलवून जातो. पोस्टमननंही हलवला. भाची आमच्या दिवाणखान्यात बसून सारेगप धसा वाजवू लागली आणि आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर का ठेवलं होतं, याविषयी माझ्या मनात नवी सहानुभूती उत्पन्न झाली. जाणकारांचा आक्षेप असा की पेटीतून मींड निघत नाही, श्रुती पकडता येत नाही. माझा आक्षेप साधा आहे. पेटी दमत नाही.

आता तबला. तबल्याचा निळा रंग थोरल्याच्या नावावर होता आणि थोरला चौदाचा आहे. या वयाच्या मुलाला काय शिकायचंय असं विचारलं तर खांदे उडतात, आणि न विचारता घातलं तर पाय उडतात.

"मामा, मी तबला नाही शिकून राहिलो. मले गिटार पाहिजे."

"आईला सांग."

"आईले सांगितलं. आई म्हणते, आमच्या घरात तबला आहे."

हे धादांत खोटं आहे. आमच्या घरात तबला होता तो इतकाच, की लहानपणी एका मे महिन्यात मलाही तबल्याला घातलं होतं. मी तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेपर्यंत पोहोचलो. नववी मात्रा म्हणजे खाली, तिथं डग्गा गप्प होतो. मीही तिथंच गप्प झालो तो कायमचा.

तर भाच्याला घेऊन मी पत्ता शोधत गेलो. जुन्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली इमारत, जिन्यात चपलांचा ढीग, आतून हातोडीचे ठोके. दार उघडलं. समोर सर. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. गट्ठे ठोकत तबला मिळवत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मधली सगळी वर्षं एका झटक्यात पुसली.

"तू तो ना रे? तिरकिटवाला?"

"हो सर."

"निघत नाही ना अजून?"

"नाही सर."

"ये. बस."

"सर, मी नाही, हा भाचा..."

"तोही बसेल. तू आधी बस."

सरांपुढे पंचावन्नाव्या वर्षीही मांडी आपोआप पडते. ती पडताना जो आवाज झाला तो गुडघ्याचा होता, पण सर म्हणाले, "छान. हा आवाज डग्ग्यातून काढ."

तबल्याची सहा घराणी सांगतात. दिल्ली, अजराडा, लखनौ, फर्रुखाबाद, बनारस आणि पंजाब. सरांनी भाच्याचा हात बघितला, माझा पुन्हा बघितला आणि म्हणाले, "घराणं तुमचंच." सातव्या घराण्याचं वैशिष्ट्य असं की त्यात बोल हाताआधी तोंडातून निघतो, तोंडाआधी घाम निघतो, आणि हात निघेपर्यंत सम निघून गेलेली असते.

भाचा दोन दिवस बसला. झाकीरभाईंचा चहाच्या जाहिरातीतला जुना व्हिडिओ त्याला कुणी दाखवला असावा, कारण त्यानं केस वाढवायला सुरुवात केली. केस उडवण्याइतका ठेका मात्र हातात येत नव्हता. तिसऱ्या दिवसापासून तो चप्पल काढून आत जायचा आणि मी राखाडी पट्ट्यातलं कर्तव्य संपलं म्हणून पायरीवर डुलकी काढायचो. दहा मिनिटांत आतून हाक यायची, "तिरकिट! जागा रिकामी आहे, ये!"

जागा रिकामी का आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. रिकामी जागा दिसली की बसायचं, ही बसमधली सवय. उलगडा झाला तो वरच्या मजल्यामुळे. त्या मजल्यावर गिटारचा वर्ग होता. वयोगट 13 ते 17. एके दिवशी वरून तीन मुलींसह भाचा खाली आला. पाठीवर कुणाची तरी गिटार.

"हे काय?"

"मामा, सरांनी ट्रायल दिली. फ्री."

"आणि तबला?"

"तुम्ही जाऊन राहिले ना," तो म्हणाला. "फी वाया नाही गेली."

चौदाव्या वर्षी एवढी हिशेबी बुद्धी असलेला मुलगा तबल्यात वाया गेला असता हे मला मान्य आहे. शेवटी गिटारही विकत घेतली. नागपूरला काय सांगितलं ते इथं सांगत नाही, कारण बहीण वाचते. गिटारला सहा तारा. पहिले तीन कॉर्ड त्याला दोन दिवसांत आले आणि घरात एकदम कलावंताची शांतता पसरली. मग 'एफ' आला. एफ लावायला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरावं लागतं. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, चेहऱ्यावर प्रौढपणा आला, एफ आला नाही. आता तो फक्त एफ नसलेली गाणी शोधतो. अशी गाणी बरीच आहेत असं तो म्हणतो. मला तरी ती सगळी एकच वाटतात.

क्लासच्या बाहेरच्या पायरीवर आम्हा ने-आण मंडळींचा वेगळाच वर्ग चालतो. त्याला फी नाही, पण परीक्षा रोज.

"तुमची किती क्लास करते?"

"चार."

"चारच?" समोरच्या बाईंच्या डोळ्यांत करुणा. "आमचा सहा करतो. सातवा शोधतोय. संध्याकाळी साडेआठला काही असतं का हो?"

"जेवण असतं," मी म्हणालो. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

एक आजोबा रोज पायरीच्या टोकाला बसत. नातवानं शिकावं म्हणून आले होते. आत मुलं काहीही गात असोत, आजोबा बाहेर अचूक भूप गुणगुणत. नातू आत बसून आजोबांच्या फोनवर गेम खेळत असे, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. मी बोललो नाही. दोघंही शिकत होते, कशाला मोडता घाला? शिवाय एक वडील होते, ते लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसची मीटिंग करत. आत तालाचा हात सुरू झाला की तिकडचा साहेब विचारायचा, "तिथं भजन चाललंय का?" हे म्हणायचे, "नो सर, नेटवर्क इश्यू." सुटताना चपलांच्या ढिगातून प्रत्येक मूल जे पायात बसेल ते घालून निघायचं. भाची एकदा दोन डाव्या चपला घालून आली, वेगवेगळ्या मापांच्या. तिला काही वाटलं नाही. नाचातही तिचे दोन्ही पाय डावेच आहेत.

आणि मग समारोप.

चार क्लासवाल्यांनी मिळून एक सभागृह घेतलं होतं. चाळीस मुलांना दोनशे नातेवाईक. ड्रेपरीवाल्यानं कपड्यांचं गाठोडं आणलं त्यात लावणीच्या नऊवारी बारा हव्या होत्या, आठ निघाल्या. उरलेल्या चौघींना कोळीण करून टाकलं. सहा वर्षांच्या मुलांना दाढीमिशा लावून मावळे केलं, त्यातल्या दोघांनी मिशा खाल्ल्या. पाहुणे म्हणून प्रभागातले माजी नगरसेवक. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले. समईला पाच वाती, मे महिना, संध्याकाळचे सहा. चौथी वात पेटेपर्यंत पहिली विझत होती. मुलांच्या गालांवरची लाली हनुवटीपर्यंत उतरली. पाहुण्यांनी भाषणात तबला, कथक आणि 'योगासनांच्या' प्रसाराबद्दल संस्थेचं कौतुक केलं. कुणी दुरुस्त केलं नाही, कारण पंखे लवकर लागावेत ही सभागृहाची सामुदायिक इच्छा होती.

बॉलिवूडच्या बॅचनं झिंगाट केलं. 2016 साली सैराट आला तेव्हापासून माझ्या पाहण्यात एकही समारोप त्याशिवाय पार पडलेला नाही. ही मुलं तेव्हा पाळण्यातही नव्हती. मुलांना स्टेप आठवत नव्हत्या, पण त्याची सोय होती. पहिल्या रांगेत बसलेल्या आया उभ्या राहून अख्खा नाच करत होत्या आणि मुलं त्यांच्याकडे बघून करत होती. अडचण एकच झाली. आईचा उजवा हात तो मुलाच्या समोरून डाव्या बाजूला दिसतो. त्यामुळे काही मुलं इकडे गेली, काही तिकडे, आणि मधोमध एक मुलगा कानावर हात ठेवून शांत उभा राहिला. त्या नाचात मला तेवढाच समजला.

तेवढ्यात साउंडवाल्याचा पेन ड्राइव्ह अडकला. गाणं बंद. आया थांबल्या नाहीत.

कथकला भाची पुढच्या रांगेत. सुरुवात खरंच चांगली झाली. ता थेई थेई तत् मध्ये मीही पाय हलवत होतो. मग चकरी आली आणि वाढत्या पावलाच्या हिशेबानं घेतलेले शंभर घुंगरू उजव्या पोटरीवरून घसरत घोट्यावर, घोट्यावरून टाचेवर आणि तिथून रंगमंचावर आले. भाची थांबली. इतर मुली फिरत होत्या. ही खाली बसली, घुंगरांची दोरी गोळा केली, सुटलेले मोजून घेतले, उठली, हाताला गुंडाळली आणि पुढची चकरी घेतली. टाळ्या कुणाला नाहीत इतक्या तिला पडल्या. कथकच्या ताई विंगेत कपाळाला हात लावून उभ्या होत्या. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर बहीण म्हणाली, "बघ, शंभरचे घेतले म्हणून उठून दिसली."

सगळ्यात शेवटी तबला. सरांच्या यादीत आठ मुलं, रंगमंचावर आठ जोड्या, आणि भाचा प्रेक्षकांत तीन मुलींच्या शेजारी. सर पडद्यामागून बाहेर आले, सभागृहावर नजर फिरवली आणि ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "तिरकिट!"

मी खाली वाकून चप्पल शोधत असल्याचं दाखवलं.

"मामा, तुम्हाला बोलवून राहिले," भाचा मदतीला आला. त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं. वयोगट 8 ते 14 मध्ये मी एकटा टक्कल असलेला कलावंत. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलानं माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं आणि कुजबुजला, "काका, चुकलात तर नुसता हात हलवा. मी पण तेच करतो." एवढं व्यवहारी मार्गदर्शन मला बँकेत कुणी केलं नव्हतं. आम्ही तीनताल धरला. सर हातानं ताल दाखवत होते. खालीपर्यंत आम्ही सगळे एकत्र होतो, हे नम्रपणे नमूद करतो. नंतर कुणाची लय चढली, कुणाची उतरली. सम सगळ्यांची आली, पण ज्याची त्याला वेगळी. शेवटची माझी. सभागृह माझी वाट बघत थांबलं होतं.

प्रमाणपत्रं छापील होती. नावाआधी मुलींना 'कुमारी', मुलांना 'मास्टर'. मलाही मास्टर. बायकोनं ते चौकट करून टीव्हीवर, कान चिकटवलेल्या गणपतीशेजारी ठेवलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून "आमचा मास्टर" अशी ती माझी ओळख करून देते.

एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. पण शाळांचं एक गणित मी धरलं नव्हतं. उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भातल्या उन्हामुळे आणखी आठवडा-दोन आठवडे पुढे जातात. पुण्यातली मुलं दप्तरं भरून शाळेत गेली, रिक्षा भरल्या, पाऊस पडला, माझी भाचरं जागेवरच. क्लासवाल्यांना हे गणित पाठ होतं. समारोपाच्या दुसऱ्या दिवशी फोनवर संदेश आला, 'जून बॅच सुरू. जुन्या विद्यार्थ्यांना सवलत.' पाठोपाठ नागपूरहून नवा तक्ता आला. राखाडी पट्टा तोच. निळा चौकोनही होता, पण त्यातलं भाच्याचं नाव खोडून बहिणीनं माझं घातलं होतं.

जूनच्या शेवटी मुलं गेली. स्टेशनवर बहिणीचा फोन आला, "काय शिकली रे पोरं?" मी फोन भाचीकडे दिला. ती ठसक्यात म्हणाली, "आई, दुपारी एक ते चार फोन करू नये, एवढं साधं कळत नाही?" नागपूरची मुलगी, सहा-सात आठवड्यांत. एवढा परिणाम कुठल्या दहा दिवसांच्या क्लासनं दाखवावा!

डब्यात वाद्यांना जागा नव्हती. "राहू दे तुझ्याकडेच, पुढच्या मेमध्ये लागतील," बहीण म्हणाली. तेव्हापासून ती माळ्यावर आहेत आणि मे महिना दर वर्षी येतो.

म्हणून वाचकांना विनंती. एक पेटी देणे आहे. तिचे मध्यम आणि निषाद अडकतात, भूपासाठी उत्तम. तबला-डग्गा एक जोडी, शाई शाबूत. गिटार एक, सहापैकी पाच तारा, एफ कधीही वाजवलेला नाही. घुंगरू शंभर-शंभरचा जोड, उजव्या पायातले थोडे कमी. मोबदला नको. स्वतः येऊन, दुपारची वेळ सोडून न्यावं. पेठेतल्या, उपनगरातल्या, परगावच्या कुणीही यावं. फक्त आमच्या सोसायटीतल्या कुणी विचारू नये.